तोरणाखालचं हेलिकॉप्टर

वणीहून राजूरकडे जाताना कोळशाच्या ट्रकांनी काळवंडलेल्या बाभळी संपल्या की उजव्या हाताला एक गाव लागतं. गावाच्या तोंडाशीच पत्र्याचं दुकान आहे. आत तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा उग्र वास, आणि विहिरींवरून उचलून आणलेल्या जळक्या मोटारी पोट उघडं टाकून पडलेल्या. त्या मोटारींच्या पोटात नवी तार भरता भरता ज्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले, तो उकंडा.

त्याच्या नावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उकंडाच्या आईची आधीची लेकरं हाती लागली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा बायांनी त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, आत्याने तिथून उचलून आणला आणि नाव ठेवलं उकंडा. वरच्याला वाटावं, टाकून दिलेलं पोर आहे, हे नेऊन काय करायचं. वरच्याला तसं वाटलं असावं. पोर जगलं, दणकट झालं, पण उकिरडा काही नावातून गेला नाही. शाळेत हजेरी घेताना गुरुजी त्याच्या नावापाशी किंचित थांबत. लग्नपत्रिका छापताना सासऱ्याने त्याला 'राव' जोडून पाहिलं, तर ते आणखीच वाईट दिसलं.

आणि मग असा हा माणूस एके दिवशी पायलट झाला.

झालं ते असं. नागपूरला तार आणायला गेला असता त्याने एका दुकानात रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर पाहिलं. कबुतराएवढं. ते घेऊन तो घरी आला आणि आठ दिवस गिऱ्हाइकांच्या मोटारी तशाच उघड्या राहिल्या. मोठं गरीब यंत्र होतं ते. दांडी वर केली की वर जाई, खाली केली की खाली येऊन बसे, हात सोडला तरी जागच्या जागी घोंगावत राही. धन्याला गाडीत झोप लागली तरी म्हातारा बैल गाडी घरी आणतो, त्या जातीचं. बायकोच्या, म्हणजे जयाच्या भावाच्या लग्नात त्याने कागदाच्या द्रोणात अक्षता भरून हेलिकॉप्टरला टांगल्या आणि मंगलाष्टकं संपता संपता वरून सोडल्या. निम्म्या महाराजांच्या टकलावर पडल्या. पण मांडवाने अशा टाळ्या वाजवल्या की नवरा-नवरीही आपलं लग्न विसरून वर बघत राहिले. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "वा रे पायलट!" वरात परत येईपर्यंत नाव बदललं होतं.

ज्याने जन्मभर उकिरडा नावात वागवला, त्याला आभाळाचं नाव मिळालं. चहाच्या टपरीवर "पायलट, या," असं कोणी म्हटलं की उकंडा मुद्दाम जरा उशिरा मान वळवी, म्हणजे हाक दोनदा ऐकू येई.

हे नाव असंच टिकलंही असतं. पण एका लग्नात नवरदेवाचा नागपूरचा मित्र त्याच्या हेलिकॉप्टरजवळ वाकला, दोन बोटांनी पंखा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काका, हे तर खेळणं आहे. कलेक्टिव्ह पिच उडवता का तुम्ही?"

उकंडाने हे शब्द जन्मात ऐकले नव्हते. पण आजूबाजूला चार माणसं उभी होती.

"तेच मांगवून राह्यलो," तो म्हणाला.

तो घरी पोचायच्या आधी ही बातमी गावात पोचली होती. मग मागवावंच लागलं.

खोकं आलं तेव्हा दुकानासमोर ही गर्दी. आतून निघालं ते कबुतर नव्हतं, गिधाड होतं. काळं, हडकुळं, सुटी पाती बाजूला गुंडाळून ठेवलेली. सोबतच्या कागदावर सगळ्यात आधी लिहिलं होतं की नवशिक्याने हे एकट्याने उडवू नये. आधी कॉम्प्युटरवर खोटं उडवून हात बसवावा, मग खाली आधाराच्या काड्या बांधून जमिनीलगत शिकावं. उकंडाने हे मनातल्या मनात वाचलं आणि कागदाची घडी करून खिशात घातली.

"काय लिहून हाय, पायलट?" कोणीतरी विचारलं.

"काई नाई. कंपनीची तारीफ हाय."

त्या गर्दीत किसनरावही होते. किसनराव म्हणजे माजी सरपंच आणि गावातल्या प्रत्येक समितीचे आजी अध्यक्ष. गणपती असो, पाणलोट असो, कोणाची तेरवी असो, माईक त्यांच्या हातात असे. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, उकंडाकडे पाहिलं, आणि तिथेच माईक नसताना भाषण केलं.

"पायलट, अवंदा तान्ह्या पोळ्याले हवाई पुष्पवृष्टी! आख्ख्या तालुक्यात कोनी केली नसन. यवतमाळहून पाव्हणे आणतो. पाव्हण्यायच्या बाजूले तुही खुर्ची. हार तुलेबी."

"हो जी," उकंडा म्हणाला. खुर्ची आणि हार हे शब्द ऐकल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो. लाकडाचे, चाकांचे बैल सजवून लेकरं तोरणाखाली ओळ धरतात आणि मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात. कोणी खाऊ देतं, कोणी नाणं. पण तोरण तुटायच्या आधी झडती म्हणायची रीत आहे, मोठ्या पोळ्यालाही आणि तान्ह्यालाही. महादेवाचं नाव घ्यायचं आणि त्याच दमात गावातल्या एखाद्याची चार ओळींत अशी काढायची, की त्याला रागावताही येऊ नये. या गावात झडती म्हणत बापूजी. वाळलेल्या चिंचेसारखा बारीक म्हातारा, पण आवाज तोरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई. किराणावाल्या घनश्यामने एका साली वरातीची घोडी विकत घेतली आणि ती त्याला पाठीवर घेऊन थेट नाल्यात उतरली. बापूजींनी पोळ्याला चार ओळी म्हटल्या. घोडी मरून जमाना झाला. घनश्यामचे नातू अजून 'नाल्यातले'च आहेत.

म्हणजे उकंडासमोरचा सवाल सरळ होता. तान्ह्या पोळ्याला हेलिकॉप्टर नीट उडालं, तर तो मरेपर्यंत पायलट. पडलं, तर बापूजी त्याच्या नावातला उकिरडा असा काही उकरून ठेवतील, की नातवंडांनाही आंघोळ करून तो जायचा नाही.

तो घराशेजारच्या पडीत वावरात शिकायला लागला. लोक अजून उठायचे असत, अशा वेळी.

पहिल्याच सकाळी त्याला कळलं की हे जनावर निराळं आहे. जुन्याचा पंखा म्हणजे घरातला छताचा पंखा. जोरात फिरला तर जास्त वारा, हळू फिरला तर कमी. याचा पंखा सगळा वेळ एकाच जोरात फिरत राही आणि कल बदलत ती पाती; 'कलेक्टिव्ह पिच' म्हणतात ते हेच. उफणणारी बाई जशी, वारा तोच असतो, पण सुपाचा कल जरा बदलते आणि दाणे कुठे पडायचे ते ठरवते, तसं. दांडी मध्यावर असली तर पाती सपाट. वर केली तर वर कलत. आणि खाली केली तर पाती उलट कलत. जुनं यंत्र 'खाली' म्हटलं की दमून खाली बसे. हे 'खाली' म्हटलं की सगळा जोर लावून खाली धावे.

आणि उकंडाच्या बोटांना काय शिकवलेलं होतं? घाबरलं की दांडी खाली.

हेलिकॉप्टर छातीएवढं वर गेलं, जरा कललं, उकंडा घाबरला आणि बोटांनी इमानेइतबारे दांडी खाली ओढली. त्या यंत्राने जमिनीत असं तोंड खुपसलं, की जणू तिथे धन पुरलेलं त्याला कोणी सांगितलं होतं. पाती मोडली, दांडा वाकला. मोटार एकदम बंद करायचा एक खटका रिमोटच्या डाव्या खांद्याशी, वरच्या कोपऱ्यात, होता. घाबरल्यावर तोच दाबायचा असतो. पण घाबरलेल्या माणसाला खांद्याशी काय आहे ते आठवत नाही.

उकंडाने खिशातल्या कागदाची घडी उलगडली.

नवी पाती लावून झाल्यावर तो अंगणात बसून गेल्या सालच्या तुराट्या निवडायला लागला. सरळ, हलक्या, एकसारख्या. दोन तुराट्या एकमेकींवर आडव्या बांधून त्याने हेलिकॉप्टरच्या पोटाखाली फुली केली आणि प्रत्येक टोकाला प्लॅस्टिकचा चेंडू लावला, म्हणजे ते कलंडायला गेलं तरी चेंडू टेकतील आणि पात्यांना माती लागणार नाही. जया भाजी निवडत पायरीवर बसली होती. ती बराच वेळ पाहत राहिली.

"काय जी, तिरडी बांधून राह्यले का?"

"तिरडी नाई. शिकाच्या काड्या हायेत."

"मंग पांगुळगाडा म्हना ना. पायलटले पांगुळगाडा! पोळ्यालेबी असाच नेता का?"

"पोळ्याले कायले? तवापर्यंत काड्या निंगन."

"आन तुमी पडान," जया म्हणाली आणि पालेभाजीचं देठ तिने असं खटकन मोडलं की उकंडा तिथून उठला.

पण त्या पांगुळगाड्याने हात दिला. उकंडा रोज सकाळी हेलिकॉप्टरच्या मागे उभा राही, शेपटी आपल्याकडे, तोंड पलीकडे, आणि ते गुडघ्याएवढं उचलून धरी. ते उजवीकडे सरकलं तर बोट डावीकडे, डावीकडे सरकलं तर उजवीकडे. हळूहळू ते एका जागी राहायला लागलं. मग तो त्याच्या मागे मागे चालायला लागला, वावराच्या या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. ओल्या गवतावर पंख्याचा वारा लवत जाई, गवताचे तुरे दोन्ही बाजूंना वाकत, आणि त्यातून तो चाले. त्या वेळी त्याला कोणी हाक मारली असती, उकंडा म्हणून किंवा पायलट म्हणून, तरी ऐकू गेली नसती.

हे तेवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. पण पोळ्याची पत्रकं छापून झाल्यावर किसनराव कार्यक्रमाची आखणी करायला दुकानात आले. त्यांनी टेबलावर तारेचे तुकडे मांडले आणि पेचकसाने मैदान दाखवलं.

"हे तोरण. हा मंच. मंचावर पाव्हणे, मी, तू. तिकून पिंपळापासून तुहं हेलिकॉप्टर येईन, मंचाकडं तोंड करून, पाव्हण्यायच्या डोक्यावर फुलं टाकीन."

उकंडाच्या लक्षात आलं. "म्हंजे माह्याकडं तोंड करून येईन ते?"

"मंग? तोरणाखालून बैल कधी शेपटीकून नेला का कोनी? पाव्हण्यायले शेपटी दाखवाची?"

हे खरंच होतं. तोरणाखाली जनावर तोंडाने येतं. लाकडाचं असलं तरी. पण हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे झालं की त्याचा उजवा तो आपला डावा होतो. आरशात पाहून कानामागची कात्री चालवायला गेलं की हात भलतीकडेच जातो, तसं. उकंडाने आजवर त्याची फक्त शेपटी पाहिली होती. तोंडाशी त्याची ओळखच नव्हती.

हे किसनरावांना सांगायचं तर 'येत नाही' असं म्हणावं लागलं असतं. पायलटला ते कसं म्हणता येईल?

"काई हरकत नाई," तो म्हणाला. "सोप्पं हाय."

दुसऱ्या सकाळी त्याने काड्या सोडल्या, कारण पाहुण्यांसमोर पांगुळगाडा नेता येणार नव्हता. हेलिकॉप्टर वर नेलं, डोक्याच्या वर, आणि सावकाश त्याचं तोंड आपल्याकडे फिरवलं. क्षणभर ते तिथेच राहिलं, आणि उकंडाला वाटलं, आलं. मग ते जरासं डावीकडे सरकलं. त्याने बोट उजवीकडे नेलं. ते आणखी डावीकडे गेलं. त्याने आणखी जोराने उजवीकडे नेलं. ते धुऱ्यावरून, कुंपणावरून, बापूजींच्या परसात उतरलं आणि दुधीच्या मांडवात शिरलं. फाट असा एक आवाज झाला, आणि मग सगळं शांत.

उकंडा कुंपणाशी पोचला तेव्हा बापूजी मांडवाखाली उभे होते. हातात अर्धा दुधी. दुसरा अर्धा वेलाला लोंबत होता. काप इतका साफ होता की आतलं पाणी अजून बाहेर आलं नव्हतं.

"दुधी चिराले मशीन बरी हाय," बापूजी म्हणाले. "माह्या म्हातारीचा विळा याच्यापुढं काईच नाई."

"बापूजी, चुकून..."

"असू दे ना लेका. भाजी तुह्या घरी करतं का माह्या घरी?" आणि ते अर्धा दुधी काखेत घेऊन आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते ओठ हलवत गेले. चार शब्द एकमेकांशी जुळतात का हे पाहणाऱ्या माणसाचे ओठ हलतात, तसे.

उकंडा मात्र वेलावरच्या अर्ध्या दुधीकडे पाहत तिथेच उभा राहिला. दुधी जिथे लोंबत होता, ती उंची साधारण खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या गळ्याएवढी होती.

त्याने घरी येऊन जयाला सांगितलं, "किसनरावले सांगतो, होत नाई म्हनून."

"सांगा. आजच सांगा."

तो गेला. किसनराव मांडववाल्याशी बोलत होते.

"किसनराव, जरा अडचन हाय. ते पात्यायनं मान्सं..."

"पायलट, पत्रकं वाटून झाली. पाव्हण्यायनं वेळ देल्ला. आता कायची अडचन? मोटार जळली तर तू भरून घेशीन, तुहाच धंदा हाय तो." आणि ते पुन्हा मांडववाल्याकडे वळले, कारण पाहुण्यांच्या खुर्चीला पांढरं कापड घालायचं की भगवं, हा फार मोठा प्रश्न बाकी होता.

पोळ्याच्या दिवशी उकंडा बैल बघायला गेला. आता गावात बैल थोडेच राहिलेत. त्यांच्यामागे किसनरावांनी ट्रॅक्टरही ओळीत लावले होते, त्यांनाही झूल आणि बेगड. ज्यांच्या घरचे बैल होते, ते धनी पांढरे कपडे घालून बैलांच्या तोंडापुढे उभे होते, शिंगांवर हात ठेवून, फोटो काढून घेत. हलगी वाजली, ओळ तोरणाकडे निघाली. एक खोंड फटाक्याने बुजला आणि आडवा झाला. पुढे उभा असलेला धनी फेटा सांभाळत बाजूला उडी मारून मोकळा झाला. बैलाला सरळ केलं ते मागून, शेपटीपाशी चालणाऱ्या सालदाराने. त्याचे पाय शेणात होते, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं, आणि त्याने एका हाताच्या ओढीने बैलाचं तोंड पुन्हा तोरणाकडे केलं.

उकंडा बैलाकडे पाहायचं विसरला. तो त्या सालदाराकडे पाहत राहिला. तोरणाखाली जनावर तोंडानेच गेलं होतं. आणि ज्याच्या हातात ते होतं, त्याला फक्त शेपटी दिसत होती.

शेपटीमागे चालायचं तर सोडायचं काय होतं? एक खुर्ची. आणि त्या खुर्चीसाठीच तर सगळं चाललं होतं.

तान्ह्या पोळ्याला मैदान भरलं; कडेने बांधलेल्या दोरीच्या आतही माणसं आली. लेकरांचे लाकडी बैल तोरणाखालून घरंगळत गेले, बक्षिसं झाली, आणि किसनरावांनी माईक तोंडाशी इतका जवळ धरला की शब्दांपेक्षा त्यांचा श्वासच जास्त ऐकू येत होता. "आता आपल्या सर्वांचे लाडके पायलट उकंडाभाऊ मंचावर येतील आणि पाहुण्यांवर हवाई पुष्पवृष्टी करतील!"

पाहुणे खुर्चीत सावरून बसले. त्यांच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, पाठीवर हार टांगलेला. आणि उकंडा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पिंपळाखाली, चिखलात उभा होता. त्याच्या पुढ्यात हेलिकॉप्टर, हेलिकॉप्टरच्या पोटाखाली तुराट्यांची फुली, टोकांना चेंडू. फुलांची टोपली त्याने जयाजवळ दिली होती.

"अरे, मंचावर ये ना!" माईकमधून किसनराव.

उकंडाला ओरडायची सवय नव्हती. पण तो ओरडला. "मी इथूनच येतो. आधी लेकरं मांगं घ्या. दोरीच्या मांगं. मंचबी रिकामा करा."

"मंच कायले?"

"दुधी पाह्यला का बापूजीचा?"

बापूजी पहिल्या रांगेत होते. त्यांनी आपल्या गळ्यावरून बोट आडवं फिरवून दाखवलं. पाहुणे सगळ्यांत आधी उठले. इतक्या वेळात कोणत्याही कामात त्यांनी एवढी तत्परता दाखवली नव्हती. हसत हसत लोक दोरीमागे सरकले, लेकरांना बायांनी ओढून नेलं, आणि तोरणापर्यंतचं मैदान मोकळं झालं.

उकंडाने पंखा चालू केला. हेलिकॉप्टर उचललं, चेंडू चिखलातून सुटले, आणि ते गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन थांबलं. तोंड तोरणाकडे, शेपटी उकंडाकडे. ते हळूहळू पुढे निघालं आणि बरंच अंतर राखून उकंडा मागून. लाकडी बैलांपेक्षाही सावकाश. चिखलात त्याची चप्पल रुतून राहिली; तो अनवाणीच पुढे चालला.

"पायलट, अजून वर! वर घे ना!" दोरीमागून कोणी म्हणालं.

"पांगुळगाडा बांधून हाय रे!"

"इतक्यात तर पोरगं चालाले शिकते!"

उकंडाला हे सगळं ऐकू येत होतं. कान तापले होते, पण बोटं जागेवर होती. तोरण दहा-बारा पावलांवर आलं तेव्हा नाल्याकडून वाऱ्याची एक झुळूक आली. हेलिकॉप्टर बाजूला वळलं, आणखी वळलं, आणि त्याचं तोंड सरळ उकंडाकडे आलं. सगळं उलटं झालं. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही कळेना. ते तिरपं होऊन दोरीकडे सरकायला लागलं. बोटं दांडी खाली ओढायला निघाली, जन्मभराच्या सवयीने, आणि मध्येच थांबली. डावं बोट खांद्याशी गेलं. खटका.

पंख्याचा जोर गेला आणि हेलिकॉप्टर गुडघ्याएवढ्या उंचीवरून आपल्या चार चेंडूंवर धप्पकन बसलं. चालता चालता थकलेलं लेकरू कुल्ल्यांवर बसतं, तसं. पाती फिरत फिरत मंद झाली. कशाला काही लागलं नाही. तोरण तिथेच राहिलं, जरा पुढे.

मग मैदान हसलं. किसनराव माईक हातात घेऊन उभे होते. पण पुष्पवृष्टी झाली म्हणावं तर फुलं टोपलीत, झाली नाही म्हणावं तर पत्रकावर त्यांचा फोटो. अशा वेळी काय म्हणायचं हे कोणत्याच समितीने ठरवलेलं नसतं.

तेवढ्यात बापूजी उठले. त्यांनी हात वर केला आणि मैदान गप्प झालं. उकंडाने मान खाली घातली. जे व्हायचं ते आता होणार होतं.

बापूजींनी महादेवाचं नाव घेतलं आणि म्हटलं,

"विमान उडे घुडघ्यापाशी,
पायलट चाले शेपटीपाशी,
पाव्हणे पळाले चपलीपाशी,
अध्यक्ष बोंबले माईकपाशी,
फुलं राह्यली टोपलीपाशी,
बोला, हर हर महादेव!"

मैदानाने "महादेव" एवढ्या जोराने म्हटलं की पिंपळावरचे बगळे उठले. लोक पोट धरून हसत होते; पण उकंडाने मान वर केली तेव्हा बहुतेकांची तोंडं मंचाकडे होती. पाहुणे खरोखरच आपली दुसरी चप्पल शोधत होते. किसनरावांनी हसायचा प्रयत्न केला आणि तोही माईकमधून गेला.

बापूजी उकंडाजवळ आले. त्यांनी हेलिकॉप्टरकडे वाकून पाहिलं.

"तुह्यासाठी दुधीची एक केलती," ते हळूच म्हणाले. "लय जमली होती. आता वाया गेली. दोरीमांगं लेकरं माह्यीबी होती ना लेका."

त्या दिवसापासून गावात त्याला नुसतं पायलट कोणी म्हणत नाही. 'शेपटीपाशीचा पायलट' म्हणतात. घाई असली तर 'शेपटी' एवढंच. झडती चिकटायची ती चिकटली. किसनराव मात्र 'माईकपाशी' झाले, आणि त्यांच्या घरच्यांना ते कळायला बराच काळ लागेल, कारण त्यांच्या तोंडावर कोणी तसं म्हणत नाही.

उकंडाने शिकणं सोडलं नाही. आता तो लोक उठायच्या आधी जात नाही. ऊन वर आल्यावर, दुकान उघडायच्या आधी, काड्या बांधून सगळ्यांसमोर जातो. रस्त्याने कोळसाखाणीच्या पाळीला जाणारे गडी सायकली थांबवून कुंपणाशी उभे राहतात.

परवा त्याने हेलिकॉप्टर उचललं, गुडघ्याएवढ्यावर धरलं, आणि सावकाश त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. ते डावीकडे सरकलं. त्याचं बोट आधी चुकीच्या बाजूला गेलं, मग थांबलं, मग दुसऱ्या बाजूला गेलं. ते थरथरलं आणि समोर उभं राहिलं, काळं, हडकुळं, त्याच्याकडे बघत.

"काय रे शेपटी, आज विमान उलटं काहून धरलं?" कुंपणावरून एकाने विचारलं.

"चूप ना बे," उकंडा नजर न हलवता म्हणाला. "वळख करून राह्यलो."